पाण्यातून गाडी निघाली, पण गाडीतून पाणी निघालं का? फोर बाय फोरचे बिघाड वेळीच असे ओळखा

पावसाळा संपत आला की घाटातल्या गॅरेजमध्ये एक चित्र हमखास दिसतं. बोलेरो, थार, गुरखा, एखादी जुनी कमांडर अशा गाड्या रांगेत उभ्या असतात. मालकांची तक्रारही साधारण सारखीच असते, 'पावसात मस्त चालली हो, आता कोरड्या रस्त्यावर आवाज करतेय.'

यात आश्चर्य काही नाही. चिखलातून आणि ओढ्यातून गाडी बाहेर आली की आपल्याला वाटतं, सुटलो. पण हाऊसिंगमध्ये, बेअरिंगमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलेलं पाणी आणि माती आत तशीच राहते. पुढचे काही आठवडे ती शांतपणे आपलं काम करत असते. मोठा बिघाड होण्याआधी गाडी इशारे मात्र देते. कधी आवाज येतो, कधी वास येतो, कधी ऑइलचा रंग बदलतो. हे इशारे कसे ओळखायचे आणि त्यातलं घरच्या घरी काय तपासता येतं, ते समजून घेऊया.

आधी माझी चूक

सुरुवात स्वतःपासून करतो. माझ्या मामाचं गाव पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरात आहे. मामाकडे जुनी डिझेल जीप होती. वाडीतलं दूध खाली डेअरीला, पोरं शाळेत आणि आजारी माणूस दवाखान्यात, सगळं तीच न्यायची.

एका जुलैत आम्ही परत येताना ओढ्यात मधोमध गाडी बंद पडली. पाणी बॉनेटपर्यंत उडालं होतं. मामाने एकदा सेल्फ मारला. इंजिन नुसतं कण्हलं. मी तेव्हा मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. 'मामा, अजून एकदा मारून बघा,' असं मीच म्हणालो. दुसऱ्या वेळी आतून 'ठक्' असा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

तालुक्याच्या मिस्त्रींनी इंजिन उघडलं. कनेक्टिंग रॉड वाकला होता. ते एवढंच म्हणाले, 'पाणी दाबलं जात नाय, पोरा. मग दांडा वाकतो.' द्रव पदार्थ दाबला जात नाही, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. ओढ्यात मात्र आठवलं नाही.

गाडी पाच आठवडे गॅरेजमध्ये होती. त्या काळात दुधाचे कॅन मोटारसायकलला बांधून जात होते आणि वाडीतल्या एका आजोबांना तापात झोळी करून खालच्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. शहरात गाडी बंद पडली की आपण रिक्षा बघतो. डोंगरात तो पर्याय नसतो. म्हणून या गाड्यांची देखभाल हा हौशी लोकांपुरता विषय नाही.

पाण्यात गाडी बंद पडली तर नेमकं काय होतं?

थोडं गणित करू. २.२ लिटरच्या ४ सिलिंडरच्या डिझेल इंजिनमध्ये एका सिलिंडरची क्षमता साधारण ५५० घन सेंटिमीटर असते. हवा दाबण्याचं गुणोत्तर १६ : १ धरलं, तर पिस्टन सगळ्यात वर गेल्यावर उरलेली जागा असते जेमतेम ३७ घन सेंटिमीटर. म्हणजे अडीच मोठे चमचे. एअर फिल्टरच्या वाटेने याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. सेल्फने किंवा फिरत्या इंजिनाने त्याला ढकललं की सगळ्यात आधी कनेक्टिंग रॉड वाकतो. याला 'हायड्रोलॉक' म्हणतात.

अशा वेळी काय करायचं?

- इंजिन पाण्यात बंद पडलं की पुन्हा सेल्फ मारू नका. एकदाही नाही. धक्का मारून गिअरमध्ये चालू करायचा प्रयत्नही करू नका.
- पाणी वाढत असेल तर गाडीचा विचार सोडा, आधी माणसं बाहेर काढा.
- गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून किंवा ओढून कोरड्या जागी घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
- एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर पाणी आत गेलंय असं समजा आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्या.
- मिस्त्री इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवतात आणि पाणी बाहेर काढतात. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग काढतात. त्यानंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणं आलंच.

विम्याचा मुद्दाही इथेच येतो. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करताना झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेकदा 'परिणामी नुकसान' धरून नाकारलं जातं. 'इंजिन प्रोटेक्ट' हे जास्तीचं कव्हर घेतलं असेल तर भरपाईची शक्यता असते, पण त्यालाही अटी असतात. त्यामुळे गाडी जशी अडकली तसे फोटो काढा आणि दुरुस्ती सुरू करण्याआधी विमा कंपनीला कळवा.

६५० मिलिमीटर म्हणजे किती?

थारसाठी पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर अशी कंपन्यांनी दिलेली आहे. हे आकडे संथ पाण्यासाठी आणि सावकाश चालवण्यासाठी असतात. गाडी जोरात घातली की पुढे लाट उठते आणि पाणी एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पोहोचतं. आमच्या बाबतीत हेच झालं होतं. ओढा गुडघाभर होता, वेग जास्त होता.

वाहत्या पाण्याचा हिशोब तर पूर्ण वेगळा असतो. साधारण ६० सेंटिमीटर खोलीचं वाहतं पाणी एसयूव्हीसुद्धा उचलून नेऊ शकतं. स्नॉर्कल इंजिनला हवा देतो, गाडीला जमिनीवर धरून ठेवत नाही. साधा नियम ठेवा. जे पाणी तुम्ही स्वतः चालत ओलांडणार नाही, त्यात गाडी घालू नका. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, दुसरा पर्याय नाही.

ऑइलचा 'चहा' झालाय का?

फोर बाय फोर गाडीत इंजिन ऑइलशिवाय गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं हाऊसिंग आणि मागचं हाऊसिंग अशा चार ठिकाणी वेगळं ऑइल असतं. पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते हाऊसिंगमध्ये.

कारण समजलं की लक्षात राहतं. बराच वेळ चाललेल्या गाडीचं हाऊसिंग गरम असतं. ते एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरून हवा ओढायला लागते. हवा यावी म्हणून वर एक ब्रीदर असतो, कधी त्याला रबरी नळीही असते. तो ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर हाऊसिंग ऑइल सीलच्या फटीतून पाणी ओढून घेतं.

पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ होतं, अगदी चहासारखं दिसतं. असं ऑइल गिअरच्या दात्यांमध्ये टिकत नाही. दाते आणि बेअरिंग झिजतात, गंज चढतो. आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने खाली बसतं. सकाळी गाडी हलवण्याआधी चाकांना दगड लावून हाऊसिंगचा खालचा प्लग अगदी थोडा सैल करा. पहिले थेंब पाण्याचे आले, किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर ते पूर्ण बदला. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच घाला. सोबत ब्रीदर साफ करा आणि ऑइल सील तपासून घ्या, नाहीतर पुढच्या ओढ्याला पुन्हा तेच होईल.

फोर-हाय लावून डांबरी रस्त्यावर चालवताय?

पाण्याइतकंच नुकसान एका सवयीने होतं. पावसात 'ग्रिप मिळते' म्हणून अनेक जण फोर-हाय लावतात आणि रस्ता कोरडा झाला तरी काढत नाहीत.

आपल्याकडच्या थार, गुरखा, जिमनी या गाड्यांत 'पार्ट टाइम' फोर बाय फोर असतं. फोर-हाय लावलं की ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकत्र बांधते आणि दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. गाडीचा व्हीलबेस २.४५ मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याचं वळण ५ मीटर त्रिज्येचं धरलं, तर काटकोनात वळताना पुढचा अ‍ॅक्सल सुमारे ९० सेंटिमीटर जास्त अंतर कापतो.

चिखलात चाक घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग सगळा ताण शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसवर साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, टायर लवकर घासतात आणि लिव्हर टू-हायमध्ये यायला तयार होत नाही. अशा वेळी लिव्हरवर जोर लावू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या. ताण सुटतो आणि लिव्हर सहज येतो.

उलट चुकही होते. लिव्हर महिनोन्महिने हललाच नाही तर यंत्रणा जाम होते आणि नेमकी गरज पडते तेव्हा लागत नाही. म्हणून महिन्यातून एकदा मोकळ्या मातीच्या रस्त्यावर फोर-हाय आणि फोर-लो लावून थोडं अंतर चालवा.

फोर बाय फोरबद्दलचा एक गैरसमजही दूर करू. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक टू-हायमध्येही चारही चाकांना लागतात.

कोणता आवाज काय सांगतो?

- गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना 'टक्': बहुतेकदा शाफ्टचा क्रॉस झिजलेला असतो. गाडी उभी असताना चाकांना दगड लावून शाफ्ट हाताने फिरवून बघा. क्रॉसपाशी खेळ जाणवला तर तो बदला. क्रॉस तुटून शाफ्ट खाली पडला तर खर्च कितीतरी पटीने वाढतो.
- हळू चालताना चिमणीसारखी 'चीं चीं': क्रॉसमधलं ग्रीस धुऊन गेलं आहे. निप्पल असेल तर जुनं, काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन ग्रीस भरा.
- वेगाबरोबर वाढणारी 'घूंऽऽ': चाकाचं बेअरिंग. वळताना आवाज कमी-जास्त झाला तर शंका पक्की होते. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर मिस्त्रीला दाखवा.
- खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरजोरात थरथरणं: टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, चाकाचं बॅलन्सिंग, सैल बोल्ट अशी कारणं एकेक करून तपासावी लागतात. नुसतं स्टिअरिंग डँपर बदलून थरथर दबते, कारण तसंच राहतं.
- गाडी एका बाजूला झुकणं, तिरकी चालणं: पाट्याच्या गाडीत एखादा पाटा तुटलेला असू शकतो. सेंटर बोल्ट तुटला तर अख्खा अ‍ॅक्सल सरकतो. यू-बोल्ट वेळोवेळी आवळून घ्या.

जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली जायचंच असेल तर भक्कम स्टँड हवा. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही.

घाट उतरताना ब्रेक पोकळ का लागतो?

ओढ्यातून बाहेर आल्यावर ब्रेक ओले असतात आणि पहिल्या दाबाला नीट पकडत नाहीत. सावकाश चालत, ब्रेक हलके दाबून ते वाळवून घ्या. मागे ड्रम ब्रेक असतील तर आत चिखल अडकतो. तो सुकला की लायनर आणि ड्रम दोन्ही खरवडतो. चिखलातल्या प्रवासानंतर ड्रम उघडून साफ करून घ्या.

दुसरं कारण ब्रेक ऑइलमध्ये आहे. ते हवेतली आर्द्रता शोषून घेतं. नवीन 'डॉट ३' ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १४० अंश आहे. 'डॉट ४'साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब घाटात ब्रेक तापले की जुनं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. साधारण दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेव्हा ब्रेक ऑइल बदला. पातळी ठीक दिसते म्हणून ते चांगलं असतं असं नाही.

उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. कच्च्या, तीव्र उतारावर फोर-लो आणि पहिला गिअर असेल तर इंजिनच गाडी अडवून धरतं. न्यूट्रलमध्ये उतार उतरणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं.

गाडी तापते, धूर सोडते, चालू होत नाही?

तापत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीकडे बघा. चिखल आणि गवताचं बी अडकून हवेची वाट बंद होते. इंजिन थंड झाल्यावर, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोरदार फवाऱ्याने पातळ पट्ट्या वाकतात. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका.

काळा धूर आणि ताकद कमी असेल तर एअर फिल्टर पहिल्यांदा तपासा. पावसात तो ओला होतो, उन्हाळ्यात धुळीने भरतो. कॉम्प्रेसरची हवा बाहेरून आत मारली तर धूळ कागदात आणखी रुतते.

झटके देत असेल तर डिझेल फिल्टरखाली साठलेलं पाणी काढा. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला असेल तर टाळू नका.

सेल्फ नुसता 'टिक टिक' करत असेल तर बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल आणि चॅसीला जोडलेली अर्थची पट्टी घासून घट्ट करा. चिखल-पाण्यात हीच आधी गंजते. साधा मल्टिमीटर असेल तर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ असायला हवा. तो वाढतच नसेल तर बॅटरीऐवजी अल्टरनेटर किंवा बेल्टकडे बघा.

जळका वास चिखलात अडकल्यावर आला, तर तो बहुतेकदा क्लचचा असतो. अर्धा क्लच धरून रेस करत राहू नका. फोर-लो लावा, चाकापुढची माती काढा, दगड-फांद्या टाका.

ओढून काढताना घाई नको

अडकलेली गाडी काढताना होणारे अपघात बिघाडापेक्षा गंभीर असतात. दोर बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला बांधू नका. चॅसीला पक्क्या केलेल्या हुकलाच बांधा. ताणलेला दोर तुटला किंवा हुक निखळला तर तो गोळीसारखा येतो. दोरावर मधोमध पोतं किंवा जाड घोंगडी टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं करा. व्हिडिओ काढणारा मित्रही त्यात आला.

मऊ मातीत टायरची हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. पण पक्क्या रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो. म्हणून सोबत छोटा कॉम्प्रेसर असेल तरच हवा सोडा.

पावसाळ्यानंतर अर्ध्या तासाची तपासणी

१. गाडी खालून धुवा. चॅसीच्या कोपऱ्यात साठलेली माती ओल धरून ठेवते आणि गंज तिथूनच सुरू होतो.
२. इंजिन ऑइलची कांडी काढून रंग बघा.
३. दोन्ही हाऊसिंगचे ब्रीदर मोकळे आहेत का, ते बघा.
४. सकाळी हाऊसिंगचा प्लग सैल करून पाणी तपासा. ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स मिस्त्रीकडून बघून घ्या.
५. क्रॉस, शाफ्ट आणि स्टिअरिंगच्या जिथे निप्पल आहेत तिथे ग्रीस भरा.
६. चारही चाकं आतल्या बाजूनेसुद्धा बघा. टायरच्या कडेला काप आहे का, ब्रेक पाइपवर ओलावा आहे का?
७. एअर फिल्टर, बॅटरी टर्मिनल आणि रेडिएटरची जाळी साफ करा.
८. स्टेपनीतली हवा आणि जॅक, पाना जागेवर आहे का, तेही बघा.

मॅन्युअलमध्ये धूळ, चिखल, पाणी आणि डोंगराळ रस्त्यांसाठी सर्व्हिसचं वेगळं वेळापत्रक असतं. ते नेहमीच्या वेळापत्रकापेक्षा कमी किलोमीटरचं असतं. तुमची गाडी अशा रस्त्यांवर चालत असेल तर तेच पाळायला हवं.

मामाची जीप आजही चालते. ओढ्याला पाणी असलं की मामा आता गाडी थांबवतो, काठी घेऊन खाली उतरतो आणि आधी स्वतः पलीकडे चालत जाऊन येतो. कधीकधी परत येऊन गाडी वळवतो. पावसाळ्यात मी गेलो की सकाळी गाडीखालून बोटावर ऑइल घेऊन माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, 'बघ रे इंजिनीअर, चहा झालाय का?'

मी ते बोट उजेडात नीट बघतो, मगच उत्तर देतो.